निकेयाला एकच जागा

अथेन्समध्ये बस आणि मेट्रोचा संप होता. थांब्यावर थेक्ला धरून नऊ माणसं होती. वीस मिनिटांत अकरा टॅक्सी गेल्या. अर्धी भरलेली टॅक्सी दिसली की जो तो आपलं ठिकाण ओरडायचा. वाट जुळली तर चालक थांबायचा. थेक्लाच्या शेजारी काळ्या कपड्यांतले, साठी उलटलेले बहीणभाऊ होते. भावाच्या हातात वाईनची बाटली होती.

“ताई, ‘दफनभूमी’ काय ओरडतेस? कोण थांबेल? नुसतं भागाचं नाव घे, ‘निकेया’ म्हण.”

“पोली, थडग्याची तीन वर्षांची मुदत संपली. आज दहा वाजता ते उकरतील तेव्हा आपलं कुणी हजर नसलं, तर आईची हाडं सगळ्यांच्या खड्ड्यात टाकतील.”

“म्हणूनच सांगतोय. निकेयाऽऽ!”

“यानंही हनुवटी वर केली. नाही म्हणतोय मेला.”

“निकेयाऽऽ!”

पुढची टॅक्सी थांबली.

“तिकडेच चाललोय. पण जागा एकच आहे.”

“ताई, तू बस.”

“तू बस. तिला पुरलं तेव्हा तू जहाजावर होतास.”

“मला बघवणार नाही गं.”

“मला तरी कुठं बघवतंय? हाडं वाईननं धुवायला लाव. आधी कवटी. आणि रडून घे, तिथं कुणी हसत नाही.”

“काका, बसताय ना? मागचे हॉर्न वाजवतायत.”

भाऊ बाटली सांभाळत आत बसला. बहीण खिडकीशी वाकली.

“अहो, किती वेळ लागेल?”

“आज? पस्तीस मिनिटं तरी.”

टॅक्सी निघाली. थेक्लानं घड्याळ पाहिलं. नऊ वाजून अडतीस मिनिटं झाली होती.