ताऱ्यांवर कडता

...आणि वर मलाच म्हणतात, "बेटा, तुले एवढी घाई काहून?" घाई? अहो, तुम्हाला सांगते, पुण्याला पीएचडीसाठी येते की नाही हे कळवायची आज शेवटची मुदत, संध्याकाळी पाच, आणि आमच्या घरात दुपारी दोनला चौकशी आयोग बसलेला! अध्यक्ष जमशेद चाचा, मंगरूळपीरच्या बाजारात चाळीस वर्षं सोयाबीनची आडत. सभासद कमरुन्निसा फुफी, बाजारात न जाता बाजारातलं सगळं ठाऊक. अब्बा? अब्बा या भावंडांपुढे फक्त पंख्याकडे बघतात.

"तिथं करशीन काय?" चाचांचा पहिला प्रश्न.

मी सांगायला लागले, दीर्घिका म्हणजे ताऱ्यांच्या वस्त्या, कुठल्या काळात दरसाल किती तारे जन्मले ते मोजायचं, आणि लांबचा उजेड पोचायला वेळ लागतो म्हणून जितकं लांब बघाल तितकं जुनं दिसतं... तर फुफी म्हणतात, "म्हंजे शिळा उजेड!" शिळा! दहा अब्ज वर्षांचा उजेड, जसा काही कालचा भात!

मग मी लॅपटॉप उघडला. चूक माझीच. आलेखात काय, तर दहा अब्ज वर्षांपूर्वी ताऱ्यांचे जन्म सर्वांत जास्त, मग नुसती घसरण, आज जेमतेम दहावा हिस्सा. चाचांनी चष्मा पुसला. "पाह्य! आमी सांगतो तं पोट्टी आयकत नाही. आमच्या जमान्यात असंच होतं!"

अहो चाचा, तेव्हा सूर्यसुद्धा नव्हता!

"नसंन. जमाना आमचाच होता."

आणि तेवढ्यात त्यांच्यातला आडत्या जागा झाला. "मालात धूळ किती?" म्हटलं, भरपूर, तारे धुळीतच जन्मतात. "मंग कडता किती कापला?" मातीपायी वजनातून कापतात ना, तो कडता! म्हटलं, कापत नाहीत, उलट मिळवतात. धुळीमागचे तारे दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे धूळ तापते, तिचा उजेड वेगळा मोजायचा आणि बेरजेत धरायचा. झालं! चाचा ताडकन उभे! "मातीपायी वजन वाढवून राह्यली? या खानदानात?" फुफींनी कपाळाला हात लावला. अब्बा पंख्याकडे. आणि घड्याळात साडेचार!

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घ्या तुमच्या मनासारखं, आणि धुळीची बेरीज काढूनच टाकली... आलेखातला जुन्या काळचा तो उंच डोंगर खाली बसला, टेकडी उरली. चाचा गोरेमोरे. "आमच्या जमान्यातले तारे गेले कुठं?"

"धुळीमागे. तुम्हीच वगळायला लावलेत."

चाचा मटकन खाली बसले. अब्बांनी पंखा सोडून त्यांच्याकडे पाहिलं! मग घसा खाकरून म्हणाले, "मिळव. समदी मिळव. अन् जा पुण्याले. कोनी कडता कापाले आलं तं माह्यं नाव सांग!"

पाचला तीन मिनिटं कमी असताना होकार पाठवला. म्हणजे बघा, बावीस वर्षं या माणसांशी भांडून मी पुण्याला कशासाठी चालले? तर त्यांच्या जमान्यातच सगळं जास्त होतं, हे दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत सिद्ध करायला!