काट्याच्या जागी ध्येय

नारायणराव : ...मंग 'सर्वांगीण' आधी येते का 'उत्कर्ष'? तुह्या पोथीत कसं असते?

अन्नपूर्णाबाई : माह्या पोथीत राजा असते, राणी असते, गाय असते. हे दोघं नसतात. पाटी तर कालच रंगवून टांगली म्हनत होते?

नारायणराव : टांगली. पन कारभारी पेंटर म्हने, अजून शब्द बदलता येतीन. दुपारी बुलढाण्याहून साहेब येऊन राह्यले. ध्येय असल्याबिगर आपल्या शेतकरी संघाचा पाच वर्साचा आराखडा मंजूर होत नाई. तीन मीटिंगा त्याच्यातच गेल्या.

अन्नपूर्णाबाई : आराखड्यात काय हाये?

नारायणराव : ध्येय गाठायचं.

अन्नपूर्णाबाई : कसं?

नारायणराव : ते चौथ्या मीटिंगीत.

अन्नपूर्णाबाई : बरं. टांगली कुठं?

नारायणराव : गोदामात, मधल्या तुळईच्या आकड्याले. दारातून पाह्यलं का सरळ डोळ्यात भरते.

अन्नपूर्णाबाई : तो तर माल तोलायच्या काट्याचा आकडा.

नारायणराव : दुसरा एवढं वजन झेलत नाई. काटा कोपऱ्यात ठेवला. साहेब गेले का टांगू.

अन्नपूर्णाबाई : लिहिलं काय ते तर सांगा.

नारायणराव : 'सभासदांच्या मालास चोख माप देऊन सर्वांगीण उत्कर्ष साधणे.'

अन्नपूर्णाबाई : चोख माप. अन् आज धाडचा आठवडी बजार.

शालूबाई : हायेत का अन्नपूर्णाबाई घरी? सांगाले आली. मिरचीचं पोतं घेऊन संघात गेली होती. म्हने, आज माप बंद, साहेब येनार. आता चालली व्यापाऱ्याकडं. तो वानगी म्हनून दर पोत्यातून पसाभर काढून घेते, पन मोजते तरी.

नारायणराव : शालूबाई, एक बजार कळ काढा ना.

शालूबाई : घरात मीठ नाई भाऊ, कळ कशाची काढू? अन्नपूर्णाबाईच्या शब्दावर आमी बायका सभासद झालो. आता साऱ्या म्हनतात, नावं काढून घेऊ.

अन्नपूर्णाबाई : पोतं खाली ठेव, शालू. देव्हाऱ्यातली पळी दे बरं मले.

(हातावरून ताम्हणात पाणी सोडते.)

अन्नपूर्णाबाई : शालूची मिरची संघाच्या काट्यावर चढेस्तोवर माहा उपास. अन् चुलीले हात नाई.

नारायणराव : अवं, साहेब आपल्याच घरी जेवनार हायेत. मी पुरनपोळी सांगून बसलो.

अन्नपूर्णाबाई : ऐकलं मी.

नारायणराव : असं कुठं व्रत असते काय?

अन्नपूर्णाबाई : आतापासून हाये. लहानसंच हाये, त्याले मीटिंग नाई लागली. पन हातातून पानी सुटलं का मंग शब्द बदलता येत नाई. तुमचं बरं हाये, तुमाले वरून रंग देता येते.

नारायणराव : साहेबाले पाटी दिसली नाई तर काय म्हनतीन?

अन्नपूर्णाबाई : ताट दिसलं नाई तर काय म्हनतीन?

नारायणराव : ...चाला शालूबाई. कारभाऱ्याले शिडी मागू.

शालूबाई : पन भाऊ, मिरची ओतू कुठं? त्यानं खाली सारा रंग सांडून ठेवला.

अन्नपूर्णाबाई : उतरवली का तीच पाटी अंथरा. लांबरुंद हाये, सुकली हाये.

नारायणराव : अक्षरं खाली करून ना?

अन्नपूर्णाबाई : वरच राहू द्या. साहेबाले वाचायचं असन, तर मिरची मापून उचलेस्तोवर बसतीन.