पोटाकडचे चामडे

नाव: हौसाबाई नरसिंह मोहिते. वय: ५३ वर्षे. धंदा: चामड्याची हातशिलाई. राहणार: सैनिक कॉलनीजवळ, फरीदाबाद, हरियाणा. मूळ गाव: तालुका खटाव, जिल्हा सातारा.

मी आज आपण होऊन ठाण्यात आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही. विचारल्यावरून समक्ष सांगते ती हकीकत अशी.

मला हिंदी बोलता येते. पण कागदावर काय उतरले ते माझे मला वाचता यावे म्हणून मी मराठीत सांगत आहे. आमच्या इमारतीत राहणाऱ्या रेवती मांडके या ठाणेदार साहेबांच्या परवानगीने व त्यांच्यासमोर लिहून घेत आहेत. हिंदी तर्जुमा वेगळा होणार आहे असे मला सांगितले आहे.

माझे पती नरसिंह मोहिते फौजेत खोगिरे व चामडी सामान दुरुस्त करण्याच्या कामावर होते. मेरठच्या क्वार्टरमध्ये असताना मी त्यांच्याकडून दोन सुयांची शिलाई शिकले. ते रिटायर झाल्यावर आम्ही फरीदाबादला राहिलो. सध्या ते एका हॉस्पिटलात सिक्युरिटीला आहेत.

मी श्री. पद्माकर आगटे यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. आगटे साहेब मूळचे पुण्याचे, आधी विमान कंपनीत इंजिनिअर होते. वर्कशॉपमध्ये लहान विमानांच्या सीटा आणि योक नव्याने मढवतात. योक म्हणजे विमान चालवणाऱ्याच्या हातातले चाक. ते मोटारीसारखे पूर्ण गोल नसते. वर दोन शिंगे असतात, ती धरून विमान वळवतात. त्यावर चामडे चढवून हातानेच शिवावे लागते, मशीन तिथे पोचत नाही. शिवण बोटांखाली येते. ती जाड झाली तर वैमानिकाचा हात दुखतो. चामडे सैल पडले तर मूठ हातात फिरते. वर्कशॉप सुरू झाल्यापासून योक मी एकटीच शिवत होते.

रिंकू शहाजी पिसाळ हिला कामावर मी आणले. तिचे वडील माझ्या पतींच्या युनिटमध्ये होते. मुलगी बारावी होऊन घरी बसून होती, तिला काहीतरी शिकवा असे तिच्या आईने मला सांगितले. ती लहानाची मोठी दिल्लीच्या छावणीत झाली. मराठी बोलते, पण बरेच शब्द तिच्याकडे नाहीत. सुरुवातीला मी "आरी दे" म्हटले की ती करवत शोधायची, कारण हिंदीत आरी म्हणजे करवत. आमच्यात आरी म्हणजे चामड्याला भोक पाडायचा टोच्या. त्यावरून आम्ही दोघी पुष्कळ हसलो आहोत. ती मला काकू म्हणते. दुपारचा डबा आम्ही एकत्र खात होतो. तिला सुई कशी धरायची, दोऱ्याला मेण किती लावायचे, टाका कुठे आवळायचा, हे सगळे मी शिकवले. तिने ते मन लावून शिकून घेतले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दिवाळीनंतर एका फ्लाइंग स्कूलचे कॅप्टन सुधन्वा राजे दोन योक घेऊन आले. एकाच विमानातली जोडी होती. घाई होती म्हणून आगटे साहेबांनी एक मला आणि एक रिंकूला शिवायला दिला. काम झाल्यावर कॅप्टन साहेब आले. त्यांनी खुर्चीत बसून डोळे मिटले आणि दोन्ही योक आळीपाळीने हातात धरले. कोणता कोणी शिवला हे त्यांना माहीत नव्हते. दुसरा धरल्यावर ते म्हणाले, "याला शिवण आहे की नाही, हाताला कळतच नाही."

तो रिंकूचा होता. ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसले.

त्यानंतर कॅप्टन साहेब काम पाठवायचे तेव्हा रिंकूचे नाव सांगून पाठवायचे. पुढे इतर गिऱ्हाइकेही तसेच करू लागली. आगटे साहेब मला नीट बोलले, त्यांनी माझा अपमान केलेला नाही. ते म्हणाले, "हौसाताई, तुमची नजर चांगली आहे, आता कटिंग तुम्ही सांभाळा. शिलाई रिंकू करेल." खिडकीजवळ उजेड चांगला येतो, म्हणून तिथली माझी जागा तिला दिली. माझे सामान मी स्वतःच उचलून कटिंगच्या टेबलावर नेले. रिंकू उचलू लागली होती, मी तिला हात लावू दिला नाही.

यानंतर मी डबा वेगळा खाऊ लागले. तिने कारण विचारले, मी ॲसिडिटी सांगितली. घरी माझे पती जेवताना म्हणाले की पोरीच्या हातात काहीतरी आहे, असा हात आपल्याकडे युनिटमध्येही कोणाचा नव्हता. ज्यांच्याकडून मी शिकले त्यांनीच हे म्हटले. ते रिंकूचे नाव काढू लागले की मी भांडी घासायला उठत असे.

गेल्या आठवड्यात कॅप्टन साहेबांचा आणखी एक योक आला. त्याचे चामडे मी कापले. चामड्याचा पाठीकडचा भाग घट्ट असतो, योकला तोच वापरतात. पोटाकडचा भाग मऊ असतो आणि ताणतो. तो शिवताना सुरकुततो, आणि नाही सुरकुतला तरी पुढे सैल पडतो. मी रिंकूला पोटाकडचे चामडे कापून दिले. पाठीकडचे शिल्लक नव्हते काय, असे ठाणेदार साहेबांनी विचारले. शिल्लक होते. मूठ सैल पडली असती तर विमानात काय झाले असते, असेही विचारले. आगटे साहेब माल देण्याआधी तपासतात, ते परत करतील आणि रिंकूला बोल बसेल, एवढाच विचार मी केला होता. त्याच्यापुढचा केला नव्हता.

रिंकूने चामडे हातात घेतले, बोटांत चोळून बघितले आणि कामाला बसली. काल शनिवारी योक तयार झाला. ती हात धुवायला गेली तेव्हा मी त्यावरून बोट फिरवले. सुरकुती नव्हती. अंगठ्याने ढकलून बघितले, चामडे जागचे हलले नाही. माझ्या हातून त्या चामड्याचे तसे काम झाले नसते. आगटे साहेबांनी योक तपासून पास केला आणि कपाटात ठेवला.

कपाटाची एक चावी माझ्याकडे असते, कारण सकाळी वर्कशॉप मी उघडते. दुसरी स्टोअर सांभाळणाऱ्या अंकुरकडे असते. शनिवारी संध्याकाळी अंकुर मागच्या खोलीत पार्सल बांधत असताना मी कपाट उघडून योक भाजीच्या पिशवीत घातला आणि घरी आणला. तिने ते कसे जमवले हे मला टाके उसवून आतून बघायचे होते. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन परत ठेवायचा, असे मी ठरवले होते. उसवलेला योक परत कसा ठेवणार होतीस, असे विचारले. मी तो पुन्हा शिवणार होते. मला वाटत होते की एकदा आतून बघितले की मलाही तसे शिवता येईल.

आज रविवारी माझे पती ड्युटीला गेल्यावर मी बाल्कनीत पेपर पसरून बसले आणि टाके उसवायला सुरुवात केली. एका शिंगाचे होत आले असताना रिंकूचा फोन आला. कॅप्टन साहेबांची माणसे एक दिवस आधीच योक न्यायला आली, कपाट उघडले तर योक नव्हता, विमान त्याच्यावाचून उभे आहे, आणि आगटे साहेबांनी तक्रार दिली, असे तिने सांगितले. शनिवारी शेवटी कुलूप अंकुरने लावले होते म्हणून पोलिसांनी त्याला ठाण्यात आणून बसवले होते. ती म्हणाली, "काकू, अंकुर असं करणार नाही. तुम्ही याल का? तुमचं साहेब ऐकतात."

मी येते म्हटले आणि फोन ठेवला.

अंकुरची बायको बाळंतपणाला माहेरी, दरभंग्याला, गेली आहे हे मला माहीत होते. तो रोज कामात असताना फोन शर्टाच्या खिशात ठेवत होता, हेही मी बघितले होते. त्याच्यावर आळ आलेला आहे हे मला फोनवर पूर्ण समजले होते. फोन ठेवल्यावर मी दुसऱ्या शिंगाचे टाके उसवले. त्याला किती वेळ लागला असे विचारले. बराच लागला. मी घाई केली नाही. घाई केली तर भोके फाटतात.

चामडे सुटल्यावर मी ते उलटे करून बघितले. आतल्या बाजूला दोन्ही कडांना सुती कापडाची बारीक पट्टी डकवलेली होती. कड ताणू नये म्हणून ती लावलेली होती. पट्टी इतकी पातळ कातरली होती की वरून हाताला लागत नव्हती. ती तिच्या जुन्या ओढणीची होती, रंगावरून मी ओळखली. हे मी तिला शिकवलेले नाही. मला ते सुचले नसते. पट्टी बघून मला एवढे कळले की चामडे पोटाकडचे आहे हे तिने पहिल्या दिवशीच ओळखले होते.

त्यानंतर मी योक, चामडे आणि निघालेला दोरा पिशवीत भरून रिक्षाने ठाण्यात आले.

ठाण्याच्या व्हरांड्यात आगटे साहेब आणि रिंकू उभे होते. अंकुर आत बाकावर होता. मी पिशवी आगटे साहेबांच्या हातात दिली आणि योक मी नेला होता असे सांगितले. त्यांनी आत बघितले. ते सरळ ठाणेदार साहेबांकडे गेले. रिंकूने चामडे बाहेर काढून उलटे केले आणि पट्टी जागेवर आहे की नाही ते बघितले.

मी तिला विचारले, "तुला कळलं होतं ना, कुठलं चामडं दिलंय ते?"

ती म्हणाली, "हात लावल्यावरच कळलं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"तुमचं नाव आलं असतं, काकू."

मग ती म्हणाली, "उसवायचं कशाला? मला विचारलं असतं तर मी दाखवलं असतं."

मी म्हटले, "तेच मला नको होतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. एरवी ठेवला असता.

अंकुरला सोडले तेव्हा हवालदारांनी त्याला त्याचा फोन परत दिला. मी त्याच्यासमोर जाऊन हात जोडले. त्याने माझ्याकडे बघितले नाही. फोन बघत बघत तो फाटकाबाहेर गेला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून बोलू लागला. काय बातमी होती हे विचारायला मला तोंड नव्हते. रिंकूने बाहेर जाऊन त्याच्या खांद्यावर थाप मारली ते मी आतून बघितले.

आगटे साहेबांनी ठाणेदार साहेबांसमोर सांगितले की वस्तू मिळाली आहे, त्यांना प्रकरण वाढवायचे नाही, मात्र उद्यापासून मी कामावर येऊ नये. चावी मी तिथेच टेबलावर ठेवली. योक आणि चामडे पोलिसांनी ताब्यात घेतले आहे. रिंकूने ठाणेदार साहेबांना विनंती केली की चामडे दुमडून ठेवू नका, कड मोडेल, एखाद्या नळीवर गुंडाळून ठेवा. साहेबांनी शिपायाला कॅलेंडर गुंडाळायची नळी आणायला सांगितले. तिने ते स्वतः गुंडाळून दिले. मी बाजूला उभी राहून बघत होते. ते कसे गुंडाळावे हे मलाही माहीत होते, पण मला कोणी विचारले नाही.

माझ्या पतींना मी अजून फोन केलेला नाही. त्यांची ड्युटी संध्याकाळी सुटेल. घरी गेल्यावर मीच सांगेन. ते पहिला प्रश्न पट्टीबद्दल विचारतील हे मला माहीत आहे.

असे का केले, या प्रश्नाला उत्तर: रिंकूने माझे काही वाईट केलेले नाही. ती मला कधी उलट शब्द बोललेली नाही. मला कोणी फूस दिली नाही. पैशासाठी किंवा विकण्यासाठी मी योक नेला नाही. मी तिच्यावर जळते.

वरील जबाब रेवती मांडके यांनी ठाणेदार साहेबांसमोर मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटच्या ओळीत त्यांनी "जळत होते" असे लिहिले होते. मी तसे सांगितले नव्हते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून "जळते" असे लिहिले व खोडल्या जागी मी सही केली. बाकी सर्व मी बोलले तसेच उतरले आहे व ते खरे आहे.

सही: हौसाबाई नरसिंह मोहिते