परतूरच्या पाहुण्यांपुढं लॅटिन

शिकलेल्या पोरीचं लग्न पटकन जमतं म्हणणाऱ्याला माझ्याकडं पाठवा. माझी थोरली, सुनंदा, मुंबईच्या कॉलेजात लॅटिन शिकत होती, म्हणजे जुन्या रोमच्या लेखकांची पुस्तकं. शेवटचं वर्ष राहिलं होतं. सुट्टीत वडीगोद्रीला घरी आली आणि परतूरचे पाहुणे तिला बघायला आले.

मुलाच्या बापानं विचारलं, "हे लॅटिन बोलतात कुठं?"

"कुठंच न्हाई," मी म्हणालो. "बोलणारे कवाच मेले."

"मंग वाचून दाखव, बाई."

सुनंदानं पुस्तक उघडून धडाधड वाचलं. पाहुण्यांनी मान डोलावली. मी चौथी पास, मीही डोलावली.

"बराबर वाचलं," पाहुणे म्हणाले. "कुठं अडखळली न्हाई. पोरगी पसंत. आता कॉलेज बंद करा."

ते गेल्यावर पोरगी म्हणाली, "अण्णा, मी एकच ओळ दहा वेळा वाचली."

मी भडकलो. "पाहुण्यांची थट्टा करती?"

"थट्टा न्हाई. हे लोक मला पुढं शिकू देतील का, ते मी बघत होते. एकानं तरी अर्थ विचारला का?"

दुसऱ्या दिवशी मी परतूरला नकार कळवला. अर्थ तर मीही विचारला नव्हता. पण पोरीकडं बापाला नकार कळवायची सोय नसते.