कडीवर हात

“हॅलो?… हॅलो… हो, सिंदेवाहीच. मिशनचा दवाखाना. कोन बोलून राह्यलं?… नूरी! अवं, तूच व्हय?… जोरानं बोल, लाईनीत खरखर आहे.”

चोवीस डिसेंबर १९८६, दुपारी बाराचा सुमार. ब्रह्मपुरीहून ट्रंक कॉल लागला. डॉक्टरीणबाई आत एका बाळंतपणात अडकल्या होत्या, म्हणून फोन रुखमाबाईंनी उचलला. रुखमाबाई दवाखान्यातल्या आया. नूरी इथलीच नर्स. पावसाळ्यात तिची ब्रह्मपुरीला बदली झाली. तेव्हापासून फोनची घंटा वाजली की रुखमाबाई सगळ्यांच्या आधी उठत. कोणी विचारलं तर म्हणत, जवळ होते म्हणून उचलला.

“मी कायले वाट पाहू? मले का कामं नाई?… बरं, उद्या कोन्या बसनं येतेस ते सांग, डोमाले स्टँडवर पाठवते. मुखरूचा व्हीसीआर सकाळीच आला. कॅसेट बी आली, टेबलावर ठेवली आहे… काय?… येत नाई म्हंजे?”

रुखमाबाईंनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

“ड्युटी आहे का?… नाई. मंग?… फिलोमिना. थे नवीन सिस्टर. हो, हो, चिठ्ठीत लिहिलं होतं ना तू. दर चिठ्ठीत लिहिलं होतं… तिच्या घरी नाताळ. बरं… केक करून राह्यली. चांगलं आहे, खा… फिलू? थांब, थांब. एवढ्यात फिलू झाली? मले तं तू दोन वर्सं ‘आयाबाई’ म्हणत होती!… नाई वं, चिडली नाई. मी काऊन चिडू?”

खिडकीबाहेर चौकीदार डोमा कडुलिंबाला कामट्यांची चांदणी बांधत होता. रुखमाबाईंनी तिकडे पाठ केली.

“अन् पिक्चर?… तो बी तिथीच पाहणार. कोनता?… इंग्रजी! समजते का तुले?… फिलू समजावून सांगते. बरं, काय आहे त्याच्यात?… बर्फ. अजून?… सजवलेलं झाड. लाल टोपीवाला म्हातारा. बस?… म्हंजे बर्फ पडला तरच नाताळचा पिक्चर व्हय? मंग सिंदेवाहीत आजवर नाताळ झालाच नाई म्हणाव!… कोन म्हणते? ती म्हणते आपला पिक्चर नाताळचा नाईच?… डाकूचा म्हणते!”

आता रुखमाबाईंचा आवाज औषधांच्या खिडकीपर्यंत गेला.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी ब्रह्मपुरीच्या व्हिडिओवाल्या मुखरूकडून येशूच्या जीवनावरचा सिनेमा मागवला होता. डबीवर चित्र येशूचंच होतं. आत निघाला घोड्यावरून गोळ्या झाडणारा डाकू. पेशंटांचे नातेवाईक, धानाच्या चुरण्यावरून, मळणी सोडून थेट आलेल्या बाया, सारी वस्ती अंगणात चादरी टाकून बसली होती. बंद कोण करणार? पुढच्या वर्षी मुखरूने चूक सुधारून बरोबर कॅसेट पाठवली, तर लोक विचारू लागले, नाताळचा पिक्चर कुठे आहे? तेव्हापासून दर पंचवीस डिसेंबरला डाकूच.

“अवं ऐक ना… ऐक तं! दोन जिवाची बाई घेऊन रातभर हिंडते का नाई तो?… गावात कोनी दार उघडते?… नाई ना उघडत. बाळ कुठी होते?… जोरानं बोल. गोठ्यात! बैलांच्या समोर, धानाच्या तनसावर! हा नाताळचा नाई तं का पोळ्याचा पिक्चर आहे?… सांग तिले. रुखमानं विचारलं म्हणाव… ती ख्रिश्चन आहे ते मले मालूम आहे. मी बी इथी इतकी सालं चांदन्या टांगून राह्यली… ए डोमा! वाकडी होऊन राह्यली, डावीकडून वढ!… तुले नाई वं, डोमाले.”

कॅसेट मात्र अपुरी होती. बाई गोठ्यात मोकळी होते, बाहेर पोलिसांचा वेढा पडतो, डाकू दाराच्या कडीवर हात ठेवतो, आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. पहिल्या वर्षी लोकांनी ओरडा केला, तेव्हा नूरी उठून टीव्हीपुढे उभी राहिली आणि पुढचं तिने सांगितलं. तिनेही ते पाहिलेलं नव्हतं. त्या वर्षी डाकू वैनगंगा पोहून गेला. दुसऱ्या वर्षी तो सूरजागडच्या डोंगरात गुरं राखत म्हातारा झाला. तिसऱ्या वर्षी फौजदार त्याचा साळा निघाला, तेव्हा लोक शिट्ट्या मारत उठले.

हे सगळ्यांना माहीत होतं. एक गोष्ट मात्र कोणाला माहीत नव्हती. आदल्या दुपारी, सुया-कात्र्या उकळत ठेवून, नूरी तो शेवट एकट्या रुखमाबाईंना सांगून पाहत असे. त्या “हो” म्हणाल्या तरच तो उद्या अंगणात जाई.

आज आदला दिवस होता.

“बरं, जाऊ दे. येऊ नको. यंदाचं तेवढं फोनवर सांग. मी पाठ करून घेते… काऊन? वेळ नाई?… काय म्हटलं?… तिनं पाहिला? आपला पिक्चर?… कवा?… परवा. मुखरूकडून कोनी नेला?… तू नेला.”

रुखमाबाईंनी टेबलावरची कॅसेट उचलून पालथी ठेवली.

“हो, आहे मी. ऐकून राह्यली… रडली? रडणारच. आपला पिक्चर आहे तो… अन् मुंग्या आल्यावर? तू उठली? तिच्या एकटीपुढं उभी राह्यली?… खरं बोल नूरी. यंदाचा शेवट तिले आधी सांगितला?… शपथ?… मंग मुंग्यांकडे पाहत बसल्या का दोघी?… तिचा भाऊ. नागपूरहून… पुरी कॅसेट.”

रुखमाबाई डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत आजवर दुसरं कोणी बसलं नव्हतं.

“म्हंजे पाहिलं तुम्ही. पुढचं… दोघींनी… नाई, नाई, मले नको सांगू! खबरदार सांगशील तं!… कोनाच्या हातानं पाठवली?… बशीरभाऊ? निघाला बी? अवं, तुझा भाऊ इथी बांगड्या घेऊन येते का कॅसेटी?… कोनी मागतली होती तुले पुरी कॅसेट? लोक काय म्हणतील, ते म्हणतील. मले तं विचारायचं!… मी रडून नाई राह्यली. सर्दी आहे… तिच्या घरी जा, केक खा, बर्फ पाहा, मी कवा नाई म्हटलं? पण हे आपलं होतं वं… ऑपरेटरभाऊ, काटू नका जी! थोडंसं राह्यलं… नूरी? आहेस?… हळू बोल. रडू नको, तिथी लोक असतील.”

रुखमाबाईंनी रिसिव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“सुचून नाई राह्यलं म्हंजे?… परवापासून?… डोळे मिटले का तोच दिसते. खरा… म्हणून फोन केला?… म्हणून येत नाई? लोकायपुढं उभं राहून काय सांगू म्हणून? केकासाठी नाई?… मंग हे आधी नाई बोलता आलं? मी उगाच बर्फावर घसरली!… हो, हसून राह्यली. तू बी हास… तिले सांगितलं हे?… नाई सांगितलं. मलेच सांगितलं. बरं… बरं.

अवं ऐक. तू ये. शेवट नसला तं नसला… विचार नको करू, दुपारची बस आहे ना?… फिलूले?… फिलूले बी आण म्हणते?”

रुखमाबाई खिडकीकडे वळल्या. बाहेर डोमा चांदणीखालून दूर होऊन ती सरळ झाली का ते पाहत होता.

“… ते मंग पाहू. पहिले एक सांग. एवढंच. उघडते का तो कडी?… हॅलो?… नूरी, दार उघडते का तो?… हॅलो! हॅलो…”

रुखमाबाईंनी ब्रह्मपुरीचा कॉल स्वतः बुक केला. एक्सचेंजने सांगितलं, लाईन बंद आहे. तीनच्या सुमाराला आतली बाई मोकळी झाली, मुलगी. वाटेतल्या गावांत बांगड्या विकून संध्याकाळच्या बसने बशीर आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट टेबलावर, जुन्या कॅसेटच्या बाजूला ठेवून गेला. नूरी उद्या निघणार का, हे त्याला माहीत नव्हतं.

उद्या यातली कोणती लावायची, असं डोमाने विचारलं. चांदणीतला दिवा लागला तेव्हा रुखमाबाई दोन्ही कॅसेटी पदरात घेऊन फोनजवळ बसल्या होत्या.