पाचवी ‘ब’च्या वतीनं

— नाही नाही, तुम्ही बसा की, बाकावर बसा निवांत, नवस-बिवस काही नाही हा, आम्ही ख्रिस्ती माणसं, आमच्यात नवस नसतो — ही शिक्षा चाललीय. शिक्षा! हेडमिस्ट्रेसबाईंनी दिलेली. गुडघे टेकून, हात वर, बेल होईपर्यंत. हो, मलाच. म्हणजे दिली माझ्या मुलीला, घेतोय मी. तुम्ही मघाशी ‘अय्यो, काय झालं हो’ म्हणालात ना, तेव्हाच म्हटलं, चला, आपलं माणूस भेटलं — नाहीतर या व्हरांड्यात येणारा-जाणारा प्रत्येकजण कन्नडात विचारतो, आणि मला कन्नडातलं येतं काय, तर ‘स्वल्प अडजस्ट माडी’, जरा सांभाळून घ्या. ते या प्रसंगात काय कामाचं? तुम्ही पोराला लवकर न्यायला आलात होय? देवनहळ्ळीला लग्न? बरं, पण बेल होईस्तोवर बाई सोडायच्या नाहीत कुणाला, तेव्हा बसाच. आणि एक काम कराल का अण्णा? जरा नाक खाजवता माझं? हात खाली आणता येत नाही. डावीकडं. आणखी वर. आहाहा — प्रभू तुमचं भलं करो.

मी पद्माकर भालेराव. मूळचा नगरचा. इथं सरकारी कारखान्यात इंजिनियर, राहायला येलहंकाला. रविवारी आमची मराठी मंडळी जमते — एका तमिळ चर्चचा हॉल आहे, त्यांची उपासना संपली की आमची — आणि तिथं स्तुती-आराधना मी चालवतो. गिटार घेऊन पुढं उभं राहायचं, लोकांना गायला लावायचं. लोक गातात, पण आधी त्यांना लाज सोडायला लावावी लागते, मराठी माणूस टाळी वाजवतानासुद्धा शेजारच्याकडं बघून वाजवतो. गाण्याचे शब्द भिंतीवर पडतात, प्रोजेक्टरनं, त्याच्या त्या प्लास्टिकच्या शीट असतात ना, त्या बदलायचं काम आमच्या मुलीचं, वेदिकाचं. उलट्या लावते. चुकून? छे हो! मुद्दाम. अख्खी मंडळी माना वाकड्या करून देवाचं गौरव करते आणि ही पहिल्या रांगेत तोंडावर हात ठेवून खुसूखुसू हसते. म्हणून तर हे सगळं सुरू झालं.

झालं असं — मागच्या वर्षी आमच्या मंडळीत पालकांसाठी शिबिर होतं. पाहुणे आले होते बोलायला, ते म्हणाले, देव कसा आहे हे मुलाला बापाकडं बघून कळतं. झालं! जेवणाच्या सुट्टीत मी ताट बाजूला सारलं. मी विद्याला — मिसेसला — म्हटलं, अगं, माझ्याकडं बघून काय कळणार हिला? की देव रोज सकाळी स्कूटरला किका मारून घामाघूम होतो आणि मग बसनंच जातो? आपल्या विश्वासाचं सार काय? आपली शिक्षा प्रभूनं क्रुसावर घेतली! मग बापानं काय करायचं, हे सरळच नाही का? विद्या म्हणाली, आधी जेवून घ्या. पण मी ठरवलं ते ठरवलं. त्याच आठवड्यात वेदिकानं शेजारच्या अज्जींच्या चपलांमध्ये दोशाचं पीठ ओतलं. शिक्षा काय, तर आज जेवण नाही. मी म्हटलं, वेदू, तुझी शिक्षा पप्पा घेणार! आणि भरल्या ताटावरून उठलो. डोळ्यांत पाणी — माझ्या. तिनं काय करावं? माझ्या ताटातली पोळी उचलली. वर तूप मागितलं.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत हे कसं चालतं? नव्हतंच चालत. पहिल्यांदा बाई ऐकेनात. म्हणाल्या, मिस्टर भालेराव, मुलीनं खडू फेकलाय, तुम्ही कशाला गुडघे टेकता? मी म्हटलं, मॅडम, शिक्षा होण्याशी मतलब, ती कुणाला होते यात शाळेचं काय जातं? मी समजावत राहिलो, समजावत राहिलो — माझं एकदा सुरू झालं की थांबत नाही, आमच्या मंडळीत माझ्या हातून माइक काढून घ्यायला दोघांना उठावं लागतं — शेवटी त्या म्हणाल्या, टेका, कुठं टेकायचे तिथं टेका, पण माझ्या खोलीच्या बाहेर. तेव्हापासून ही जागा माझी. आता तर त्या फोनवर एवढंच म्हणतात, ‘मिस्टर भालेराव, कम’. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. शेजारच्या टेबलावर भीमाचार्य बसतात, त्यांना वाटतं मला मुतखडा आहे. मी खरं सांगितलं, तरी त्यांनी मला मुतखड्यावर म्हणून कुळथाचं पाणी आणून दिलं.

आणि मग पोरांना कळलं! पाचवी ‘ब’ला. की वेदिकाच्या नावावर घातलं की मार नाही, बोलणी नाहीत, तिचे पप्पा येतात आणि शिक्षा घेऊन जातात. संपलंच की हो! फळ्यावर कुणी चित्र काढलं? — वेदिका! डस्टर खिडकीतून कुणी टाकलं? — वेदिका! अख्खा वर्ग एका सुरात, आणि ही बया हसत हसत उभी. एक दिवस तिच्या दप्तरात बघतो तर आवळे, तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी, कुणाचं तरी अर्धं खोडरबर. म्हटलं, हे काय? म्हणते, पप्पा, तू फुकट घेतोस, मी थोडं थोडं घेते. आता यावर बोला! वर्गातली सगळी पोरं धुतल्या तांदळासारखी आणि सगळ्यांचं पाप माझ्या गुडघ्यांवर. विद्या हसेना की रडेना. म्हणाली, अहो, कालवरीच्या क्रुसावर ते एकदाच झालं आणि कायमचं झालं, तुम्ही दर आठवड्याला काय करताय?

पण मंडळीत फायदा झाला, खोटं कशाला बोलू. आराधनेत हात वर करायचे असतात ना, तर बाकीच्यांचे दुसऱ्या कडव्याला दुखायला लागतात, माझे हलतसुद्धा नाहीत. आमचे पुरुषोत्तमकाका आहेत, मंडळीतले वडील, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, या माणसावर अभिषेक आहे! अभिषेक कसला, रियाज. परवाच्या रविवारी तर गाणं असं रंगलं, असं रंगलं, की मी गुडघ्यांवरच आलो, डोळे मिटलेले, हात वर, हॉल एकदम शांत, काही बाया रडतायत — आणि पुढच्या रांगेतून हिचा आवाज: ‘पप्पा, आज कुणाचं?’

हसा, हसा तुम्ही. मीही हसतो आता. तेव्हा नाही हसलो. मला काय पाहिजे होतं अण्णा? एवढंच, की एकदा तिच्या पोटात कालवावं. एकदा तरी तिनं माझ्याकडं — नाही, माझ्याकडं नाही, कुणाकडंही बघून म्हणावं, अरे, याला लागतंय. बस. वर्ष होत आलं, माझ्या गुडघ्यांना घट्टे पडले आणि तिच्या डोळ्याला टिपूस नाही. मी घाबरलो होतो. म्हटलं, आपण पोरगी बिघडवली की काय? प्रेम प्रेम म्हणता म्हणता दगड केला की काय हिचा? मंडळीला गायला लावतो आणि घरात एक मूल हलत नाही आपल्याच्यानं. पार खचलो होतो मी.

आणि आज! म्हणून तर मी मघापासून इतका बडबडतोय, एरवी मी गप्प असतो — बरं, नसतो. आज कारखान्यात फोन आला, बाईंचा नाही, तिचा. रडत होती. रडत! मी फोनवरच ‘हालेलुया’ ओरडलो, भीमाचार्यांच्या हातातला चहा सांडला. म्हणते, पप्पा, लवकर ये, बाईंचे मासे मेले. बाईंच्या खोलीत काचेची पेटी आहे ना, त्यातले सोनेरी. धावत आलो तर हिनं मला जिन्याखाली ओढलं आणि कानात सांगितलं, मी नाही मारले पप्पा, पण मी माझं नाव सांगितलंय. मग कुणी? तर वर्गातला एक मुलगा, शंभू म्हणून. त्यानं मुद्दाम मारले असंही नाही हो, उलट माया आली त्याला! माशांना रोज तेच ते वाळलेले दाणे, म्हणून बाई राउंडला गेल्यावर डब्यातलं चित्रान्न, म्हणजे तो पिवळा भात हो, घातलं बिचाऱ्यांना, मूठभर, फोडणीसकट, शेंगदाण्यांसकट — का हो? काय झालं? ठसका लागला? तिकडं माठ आहे बघा. नको? बरं.

तर मी विचारलं, आणि त्याच्याकडून काय घेतलंस? म्हणते, काही नाही. काहीच नाही? मग का गं? तर काय म्हणाली असेल! म्हणाली, त्याचे बाबा पट्ट्यानं मारतात. पी.टी.ला शर्ट बदलताना पाठ दिसली, वळ आहेत. ‘तू नुसते गुडघे टेकतोस ना पप्पा, त्याला खूप लागतं. तो थरथरत होता. तू घे. आणि कुणाला सांगू नकोस.’ आणि रडली हो माझी पोरगी, माझ्या शर्टाला नाक पुसून रडली, दुसऱ्याच्या मुलासाठी! मला तिथंच नाचावंसं वाटलं. कुणाला सांगणार नाही म्हटलं, अजिबात नाही — तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही तर परके, आत्ता लग्नाला निघून जाल. पण काय बाप असेल तो! मासे मेले तर मेले, पोराचं मन किती मोठं ते दिसत नाही? माझ्यासमोर आला ना, तर मी — तसं काही करता येणार नाही, क्षमाच करावी लागेल, आमच्यात तसंच आहे. पण आधी चांगला झापीन आणि मग क्षमा करीन. बघा, मघापासून मीच बोलतोय, तुमचं काही विचारलंच नाही. तुमचा मुलगा कितवीत? — पाचवी? अरे वा. — ‘ब’? मग तर आमच्या वेदिकाच्या — नाव काय त्याचं?

शंभूराज.

एक मिनिट. बसा. तुम्ही बसा आधी. वर्गात दुसरा एखादा शंभू असेल — नाही? मग मी खोटं बोललो! अहो खरंच खोटं बोललो, मला सवय आहे तिखटमीठ लावून सांगायची. मासे मीच मारले. मीच घातलं चित्रान्न! मला करता येत नाही ते खरंय, पण घातलं. सकाळी तुमच्या घरी तेच केलं होतं? हो, तुमच्या तोंडावर दिसतंय. मला झापता येईना हो तुम्हाला. अण्णा, उठू नका ना. मला भीती वाटतेय. माझ्या पोरीनं जन्मात पहिल्यांदा माझ्यावर भरवसा टाकला आणि मी तो बाकावर बसलेल्या माणसाला सांगून मोकळा झालो, हे तोंड, हे तोंड शिवून टाकलं पाहिजे माझं. मारायचंच आहे ना? मला मारा. चेष्टा नाही करत. इथं, पाठीवर. शिक्षा होण्याशी मतलब. बाई काही म्हणायच्या नाहीत, त्यांना माझी सवय झालीय. काय म्हणालात? — तुमचे आप्पाही तुम्हाला मारायचे? — याच्याहून जास्त? मग तेव्हा कुणी आलं नाही मध्ये? कुणीच नाही?

अहो, कुठं निघालात? थांबा! बेल झाली — अरे देवा, बेल झाली. मला उठता येत नाहीये, गुडघे धरलेत, खरंच धरलेत, नाटक नाही. हात द्या मला. तेवढं तरी करा, एक माणूस जमिनीवर पडलाय. तो नाही, उजवा द्या. हां. धरला. आता हा मी सोडत नाही. किती ओढायचा तेवढा ओढा, खांद्यातून निघाला तरी सोडणार नाही, गिटारवाल्याची बोटं आहेत. ती बघा आली पोरं. वेदू पुढं आणि तो मागं, तुम्हाला बघून तिथंच थिजलाय, भिंतीला पाठ लावून उभा राहिलाय. अहो, ओढा की हात. ओढा ना. ओढत का नाही तुम्ही?

बरं. बरं मग. पोरं बघतायत, डोळे मिटा. आपण प्रार्थना करतोय असं सांगतो त्यांना. तुमच्या देवाची करा, माझी काही हरकत नाही, पण मिटा — मिटा म्हणतो ना! वेदू, तिथंच थांब त्याच्याजवळ. बोलू नकोस. आमचं चाललंय.