बाईंच्या ‘ह्यां’ची दुखणी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, रुग्णालयाच्या अधीक्षक डॉक्टर मॅडम, प्राचार्य, व्यासपीठावरील मान्यवर, वॉर्डांतल्या ड्युट्या बदलून आलेल्या आजी-माजी विद्यार्थिनी, आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त हा सारा खटाटोप त्या आमच्या बाई, सर्वांना नमस्कार. प्राचार्यांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. नर्सला सगळं झटपट उरकता येतं असा त्यांचा समज दिसतो.

परिचारिका प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी भल्याभल्यांना रडवणारा पेपर कोणता? आजारांच्या नावांचा. परके शब्द, जीभ वळत नाही, आणि एक पाठ करावा तर दुसरा पळतो. बाई पहिल्याच तासाला म्हणायच्या, “पोरींनो, शब्द घोकू नका, कुणाला तरी देऊन टाका. आणि घरच्या माणसालाच द्या. परक्याचं दुखणं कोण लक्षात ठेवतं?”

बाईंनी सगळे शब्द आपल्या यजमानांना दिले. अ‍ॅनोस्मिया म्हणजे वास न येणं. दूध करपून घरभर धूर झालाय आणि आमचे हे शेजारी बसून निवांत पेपर वाचतायत. ब्रॅडिकार्डिया म्हणजे मंद नाडी. आमच्या ह्यांना भाजीला पाठवा, भाजी सुकून जाईल पण स्वारी परतायची नाही, मग नाडी तरी कशाला धावेल? गुडघे, कान, मूतखडा, मोतीबिंदू, काही म्हणता काही सोडलं नाही. आम्ही त्यांचं नाव ‘कायमचे पेशंट’ ठेवलं होतं. जिन्यात बाई भेटल्या की आम्ही आगाऊपणे त्यांची तब्येत विचारायचो. बाई म्हणायच्या, काल जरा बरे होते, पण आज तुमचा नवा धडा आहे, आज काही खरं नाही.

परीक्षेच्या हॉलमध्ये आमची अख्खी बॅच उत्तरपत्रिकेकडे बघून हसायची. पर्यवेक्षकांना कॉपीचा संशय यायचा. आता त्यांना काय सांगणार, की आम्हाला बाईंचे यजमान दिसतायत?

मात्र एका शब्दाला बाईंनी कधीच चित्र दिलं नाही. हेमॉप्टिसिस, म्हणजे खोकल्यातून रक्त पडणं. तो शब्द आला की त्या फळ्याकडे वळायच्या आणि म्हणायच्या, हा तेवढा पाठ करा. आम्ही पाठ करायचो आणि परीक्षेत हमखास चुकायचो. रक्ताच्या उलटीचं नाव खोकल्याला आणि खोकल्याचं उलटीला. दर वर्षी, दर बॅचला तीच चूक. पुढे मी इथेच शिकवायला लागले, बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसून तेच पेपर तपासले, आणि मलाही कधी वाटलं नाही की विचारावं, बाई, याच शब्दाला चित्र का नाही? वाटायला हवं होतं.

या समारंभासाठी आमच्या समितीने ठरवलं की सत्कार जोडीनेच करायचा. इतकी वर्षं ज्यांनी आमच्यासाठी आजारपणं काढली, त्यांना एकदा बघू तरी! मी मोठ्या उत्साहाने बाईंच्या घरी गेले आणि मानपत्रावर घालायला यजमानांचं पूर्ण नाव विचारलं. बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोत दाट केसांचा, हसरा, माझ्या मुलाच्या वयाचा एक तरुण होता. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती म्हणाल्या. खोकला झाला, मग रक्त पडायला लागलं, आणि गेले. बाई आमच्या संस्थेत आल्या त्या त्यानंतर.

मंडळी, मला बसायलाही सुचेना. ज्याला म्हातारपण बघायलाच मिळालं नाही, त्याला आम्ही म्हातारपणाची सगळी दुखणी देऊन खिदळत होतो. ते बोलून दाखवल्यावर बाई मलाच समजावायला लागल्या. “अगं, बाहेर ह्यांचा विषय काढला की लोक गप्प व्हायचे. वर्गात काढला की तुम्ही हसायचात. मला तेच हवं होतं.”

पुढच्या महिन्यापासून बाईंचा तास माझ्याकडे येतोय. निघताना मी भीत भीत म्हटलं, तुमची हरकत नसेल तर ह्यांना मी पुढेही वर्गात नेत जाईन. तेवढंच ते मुलींमध्ये राहतील. बाईंनी पदराने फोटोची काच पुसली. मग म्हणाल्या, “नको. इतकी वर्षं मी त्यांना एक दिवस सुखाने राहू दिलं नाही. आता त्यांना बरं होऊ दे.”

हे सगळं मी बाईंना विचारूनच सांगते आहे. सांग, पण रडू नकोस, एवढीच त्यांची अट होती. ती मला नीट पाळता आलेली नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे.

मुलींनो, पहिल्या वर्षाच्या मुलींनो, तुमची मी आधीच माफी मागते. माझे हे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. काल घरी मी पहिला धडा तयार करायला घेतला, त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि साधी सर्दीसुद्धा मला त्यांना देववली नाही. तेव्हा तुम्हाला सगळे शब्द पाठच करावे लागणार आहेत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, समितीने बोलायची संधी दिली, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि बाई, आम्ही कधी विचारलं नाही, त्याबद्दलही.